दोन हजारांच्या खाली

तीन हजारांवर तिची काही तक्रार नाही.
गाते वगैरे म्हणणार नाही मी, पण धावते.
दोन हजारांच्या खाली मात्र
पाय दाबावा आणि वाट पाहावी.
आधी घशात कोंडा अडकल्यासारखी उबळ,
मग काहीच नाही,
आरशात स्लेटच्या फरश्या लादलेला ट्रक मोठा होत चाललेला,
आणि मग एकदम धक्का,
हाक मारून कुणी झोपेतून उठवल्यासारखा.

बहात्तर सालची एमजी, मोहरीच्या पिवळ्या रंगाची.
किनाऱ्यावरच्या चकचकीत गॅरेजने
प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली,
तीनशे दहा पौंड.
रोग रेड्याला नि इंजेक्शन पखालीला.
हे मला तरी आधी कळायला हवं होतं,
मी गुरांची डॉक्टर.

माझे रोगी बोलत नाहीत.
मेंढी कुठे दुखतं ते सांगत नाही,
कळपाच्या दोन पावलं मागे राहते, एवढंच.

ब्लायनायच्या वरच्या अंगाला इडवालची शेड.
पाऊस आडवा येत होता, दार अर्धंच उघडं.
त्याने बॉनेटला हात लावला नाही.
आधी विचारलं,
"थंड असताना, की गरम झाल्यावर?"
"दोन्ही वेळा."
"चढावर, की सपाटीवरही?"
"सपाटीवरही. पाय हळू दाबला तर नाही,
झटक्यात दाबला तर."
"हं," म्हणाला, आणि चहा ठेवला.

मग टायमिंगचा दिवा लावून
पुलीवरची पांढरी खूण पाहिली.
डिस्ट्रिब्युटरची बारकी नळी काढून
तोंडाने ओढली, टोकावर जीभ दाबली,
जिभेला नळी चिकटलेली, डोळे मिटलेले,
मी घड्याळात वीस सेकंद मोजले.
"पडदा शाबूत आहे," म्हणाला, तोंड पुसत.
जोडांवरून साबणाचं पाणी फिरवलं. कुठे हवा ओढत नव्हती.
माझा चहा गार झाला.

शेवटी एअर फिल्टर सोडवले,
एका कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट घातलं
आणि आतला दट्ट्या वर उचलला.
टुणकन वर गेला तो, टकटक वाजला.
दुसराही तसाच.
इडवालने माझ्याकडे पाहिलं.
दोन काळी टोपणं फिरवून काढली,
त्यांच्या खालच्या पितळी काड्या वर ओढल्या.
कोरड्या. अगदी कोरड्या.

"तेल कधी घातलंस?"
"दर पाच हजार मैलांनी बदलते की."
"ते नव्हे. इथे."
इथे तेल असतं हे
अकरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं.

वीस ग्रेडचं तेल, खोकल्याच्या औषधाएवढं.
टोपण खाली जाताना आता अडत होतं,
गिळताना अडावं तसं.
दट्ट्या वर उचलून पाहिला: सावकाश,
मनाविरुद्ध उठल्यासारखा.
"पाय दाबलास की हा उडी मारायचा," तो म्हणाला.
"नुसती हवाच आत. पेट्रोल मागे राहायचं.
याला कुणीतरी धरून ठेवावं लागतं, एखादा क्षण."
अडवणारं कुणी नव्हतं,
म्हणून ती अडत होती.
हे मी मोठ्याने म्हणाले नाही;
इडवालला असली वाक्यं आवडत नाहीत.

खिंडीपर्यंत जाऊन आले.
पंधराशेवर पाय दाबला. गेली.
नुसती गेली, बाकी काही नाही.
चौथ्या वळणावर मी उगाच हसले.

परत आले तर पैसे घेईना.
"नेलला बघतेस का," म्हणाला.
बाकाखाली त्याची म्हातारी कुत्री.
उठायला जाते, मागचे पाय थांबतात,
थरथरतात, मग कशीबशी उभी.
"एकदा उठली की मेंढ्यांमागे पळते अजून.
सुरुवातीलाच काय ते."

मी फरशीवर गुडघे टेकले,
तिच्या खुब्यावर तळहात ठेवला.
आत काहीतरी खरखरलं, दगडावर दगड.
इथे काढायला टोपण नव्हतं.
हात तसाच ठेवून, वर न बघता
मी विचारलं,
"सकाळी, की चालून आल्यावर?"