लादाईन, कुडतरी

तळ्याकाठच्या खुरसापाशी मेणबत्त्या लागल्या,
उकडलेले चणे टोपात झाकलेले,
आणि रेणव्वा पुन्हा भलत्याच जागी म्हणाली, आमेन.

बाप्तिस्म्याला दोन महिने झाले तिच्या.
बेळगावकडची, बेकरीत पीठ मळते;
लॅटिन शब्द तिच्या तोंडात
अजून न फुगलेल्या पावासारखे.

मी चाळीस वर्षं दुसऱ्या आवाजात गाणारा.
वळून पाहिलं तिच्याकडे,
मान जरा जास्तच वळवून.

मेस्त लिबोर्यूंनी व्हायोलिन थांबवलं नाही.
ऐंशीचा हात, गज थरथरता;
फक्त सूर लांबवला,
एक श्वास,
मग आणखी एक,
ती येऊन पोचेपर्यंत.
डोक्यावर भारा घेऊन कुणी येताना दिसलं
की फाटक धरून ठेवतात, तसं.

नंतर चणे वाटताना मी म्हणालो,
मेस्त, आज लय गेली.

"गेली?"
आणि तिच्याकडे वळून,
"बाये, तिसरी ओळ कशी म्हणालीस?
तिथं मी नेहमी अडखळतो."

कधी अडखळले होते?
मी तरी ऐकलं नाही.
पण मी ऐकत होतो कधी,
माझ्या आवाजापलीकडे?

रेणव्वानं पदराला हात पुसले,
ओळ म्हटली, चुकीचीच.
मेस्तांनी ती हळू तिच्यामागून म्हटली.

माझ्या ओंजळीत चणे निवत होते.