अर्धं पाऊल मागे

मॅडम फळ्यावर शीर काढतात, निळ्या खडूनं, सरळ.
खरी शीर तशी नसते, हे दाखवायचं काम माझं.

त्र्यंबक रोडवरून मुलींची बस वळेपर्यंत
मी पुतळ्याचं अंग पुसलेलं असतं,
सुया मोजलेल्या, थर्मामीटर बारा.
बारा नाही, अकरा. मंगळवारी एक फुटला, वहीत लिहिलंय.

पुतळा ‘आई गं’ म्हणत नाही.
म्हणून पहिल्या वेळी मी माझी बाही वर करते.

सुरगाण्याची यमुना भोये.
भातलावणीत दिवसभर न थकणारा तिचा हात
माझ्या कोपराच्या खळीशी येऊन थरथरतो.
‘टोच,’ म्हटलं, ‘मी ओरडणार नाही.’
ओरडले जराशी. मुद्दाम.
कळायला हवं, सुईच्या पलीकडे कुणीतरी असतं.

आज वॉर्डात, नऊ नंबरची कॉट.
ओझरच्या म्हाताऱ्या बाबांना ती आधी विचारते,
‘बाबा, काही खाल्लंत का?’
मग पट्टा बांधते.
मी अर्धं पाऊल मागे,
हात पुढे, पण कुठेच न टेकलेला,
सायकल शिकवताना कॅरिअर सोडलेल्या माणसाचा असतो तसा.

नळीत रक्त येतं.
ती मागे वळून बघत नाही.
हेच तर हवं होतं.
तरी एवढंसं काही टोचलंच.

संध्याकाळी लॉगबुकं मॅडमच्या सहीला जातात.
माझ्या नावाचा रकाना त्यात नाही.
खळीतला निळसर डाग तेवढा आहे, बाहीखाली,
पिवळा पडायला लागलेला.

सोमवारी नवी बॅच.
या वेळी डावा हात.