गावाचा नकाशा, इयत्ता आठवी

पुस्तकात समतेला दीड पान आहे,
खाली रिकाम्या जागा भरा.
तेवढं शिकवून मी मोकळी होणार होते.
घंटेला अकरा मिनिटं होती,
खिचडीच्या फोडणीचा वास वर्गात आला होता.

तेव्हा सुगत खोब्रागडे उठला.
हा एरवी उठत नाही,
हजेरीलासुद्धा बसूनच हात वर करतो.
म्हणाला, "मॅडम, आपल्या गावात
मसनवट्या दोन काहून हायेत?"

खिडकीत एक गांधीलमाशी होती, तेवढीच बोलत राहिली.

मला बदलीचा अर्ज आठवला.
शाळा समितीचे अध्यक्ष आठवले, ज्यांनी पंखे दिले.
पात्यांवर त्यांचं नाव आहे,
फिरताना वाचता येत नाही,
वीज गेली की दिसतं.
त्या दिवशी वीज नव्हती.

"चांगला प्रश्न आहे," मी म्हणाले. "उद्या बोलू."

घाटंजीच्या खोलीवर रात्री
बाबांच्या सरणाची लाकडं आठवली.
ज्यानं ती फोडली, रचायच्या आधी
तो नाल्यापलीकडं जाऊन थांबला होता.
कुणी जा म्हटलं नव्हतं.
मी तेव्हा बीएड झालेली होते,
आणि विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोरे कागद वाटले.
गाव काढा. पुस्तकातलं नाही,
तुमचे पाय जिथं जातात ते.

तनुजा साटोणेच्या गावात मसनवट एकच,
टिनाची, नळ असलेली.
सुगतच्या गावात दोन,
दुसरीवर शेड नाही,
पावसात चौघं ताडपत्री धरतात,
ते चौघंही त्यानं काढले, एकाला चष्मा.
शाहिस्तानं कब्रस्तान काढलं, अर्ध्या भिंतीचं.
"पाहिलंस?"
"नाई. अब्बू सांगतेत तसं काढलं."
लेतू टेकाम कागद उलटसुलट करत बसला होता.
"मॅडम, आमचा पोड याच्याबाहीर येते."
त्याला दुसरा कागद दिला.
चिकटवायला डिंक नव्हता, भाताचं शीत आणलं.

मग ओंकार देवतळे म्हणाला,
"आबा म्हनतात, हे देवानंच ठरवलं."
"टिनं बी देवानंच टाकले काय?" सुगत.
वर्ग हसला. मीही, थोडी.
ओंकारचे कान लाल झाले.
याच आबांनी त्याला विहिरीत
पाठीवर दोर बांधून पोहायला शिकवलं होतं,
मला ठाऊक होतं,
तरी हसू आवरायला मला उशीर झाला.
म्हटलं, "आबांनी ते कोणाला विचारलं होतं, विचारशील?"
"ते रागावतीन."
"माझ्यावर रागावू दे."
हे बोलले तेव्हा आवाज बरा निघाला,
हात मात्र खडू मोडत होता.

आणि तनुजानं, वाईट मनानं नाही,
वही बंद करता करता विचारलं,
"मॅडम, तुमाले कोठं जाळतीन?"

मी इथं अप-डाउन करते.
माहेरच्या गावानं माझं लग्न मानलं नाही,
सासरच्या गावानं मला.
फळ्याकडं वळले, काही लिहायचं आहे असं दाखवून,
आणि तारीख लिहिली.
ती आधीच लिहिलेली होती.
शाहिस्ता हळूच म्हणाली,
"मॅडमनं तारीख दोनदा टाकली."
कुणी हसलं नाही.

नकाशे भिंतीवर लावायचे होते.
खिळेही आणले होते.
शनिवारी अध्यक्ष येणार असं कळलं,
म्हणून सध्या कपाटात आहेत,
शालेय पोषणाच्या रजिस्टरखाली.
किल्ली माझ्या पर्समध्ये.
शनिवार होऊन गेला. अध्यक्ष आलेच नाहीत.

सुगत काही विचारत नाही.
कपाटाकडं पाहतो, मग फळ्याकडं.
आज हजेरीला मात्र
उभा राहून "हजर" म्हणाला,
आणि मी पुढचं नाव घेतलं,
त्याच्या पुढचंही घेतलं,
तरी बसला नाही.