दोन सूत

एस्तेरबाई शास्त्र घेऊन आल्या जेलरोडला,
नाड्याने बांधलेलं. पुठ्ठा सुटलेला,
पानांवर मेणाचे थेंब.

मी म्हटलं, बाई, एवढा जाड ग्रंथ
थोडक्यात सांगतो तरी काय?
त्या म्हणाल्या, आधी शिव.

पहिल्या कोऱ्या पानावर घरच्या नोंदी :
लग्न, बाप्तिस्मे, मग धाकटा हनोख,
अठ्ठ्याण्णव साल, देवासचा रस्ता.
आणि खाली, वेगळ्या शाईत,
गेंदालाल, ट्रकवाला.

हे इथं चुकून?
नाही रे. विसरू नये म्हणून लिहिलं.
शाप द्यायला नाव लागायचं रोज.
पुढे वाचत गेले,
तर तेच नाव प्रार्थनेत घ्यावं लागलं.
अजूनही अडकतं घशात,
कालच अडकलं.

संध्याकाळी कडा छाटायला घेतल्या.
गेंदालालचा शेवटचा ‘ल’
अगदी काठावर.
पातं वर उचललं, माप बदललं.
त्याच्यापायी सबंध ग्रंथ
दोन सूत रुंद राहिला.

जुन्या खोळीत आता बसेना.
एस्तेरबाईंनी दोनदा दाबून पाहिलं,
मग शिवणीवर नख फिरवत म्हणाल्या,
असू दे. खोळच उसवीन.