मात्रा

थान चेंगगुई नखं दाखवतो.
दहाही आहेत. तरी मोजतो, सवयीने.

त्रेसष्ट साली भात करपला
म्हणून मका खाल्ला, डोंगरातला,
दगडी कोळशाची राख घातलेल्या शेतातला.
आधी आईच्या कंगव्यात केस आले,
मग उशीवर त्याचे स्वतःचे.
रेड्याच्या खुराचं टरफल निघालं,
चिखलात रुतून राहिलं.
नखं गळाली तेव्हा फार दुखलं नाही, म्हणतो,
फक्त शेंगा सोलता येईनात.
केस परत आले, तरी आईने
डोक्यावरचं निळं फडकं
शेवटपर्यंत सोडलं नाही.

अति तिथे माती, म्हणतो आपण.
एनशीत मातीतच अति होतं.

आणि दूर उत्तरेला, बर्फातल्या खेड्यांत,
तेच सेलेनियम मातीत नव्हतं,
तर लहान मुलांची हृदयं सैल पडत होती.
हे त्याला साठ वर्षं कुणी सांगितलं नाही.
परवा शिआंग युनजूने सांगितलं,
प्रयोगशाळेच्या पायरीवर,
सूर्यफुलाच्या बिया खाता खाता.

युनजू इथल्याच रानभाजीची पानं वाटते.
प्रथिनाचा लांब दोर विकराने कातरते.
चार-पाच मण्यांचे तुकडे उरतात, पेप्टाइड.
एखाद्या मण्यात
गंधकाच्या जागी सेलेनियम बसलेलं.
काना-मात्रेचा फरक.
पण त्या मात्रेने पेशीत उडालेली ठिणगी विझते,
निदान उंदरांत विझते, ती घाईने जोडते,
माणसांचं अजून बघायचंय.

आणि एक गंमत सांगू, आजोबा?
पेशीच्या लिपीत तीन अक्षरं आहेत,
त्यांचा अर्थ: थांब.
सगळ्यांसाठी पूर्णविराम.
फक्त हे दारात आलं
की पुढून कुणीतरी खूण करतं
आणि तीच अक्षरं 'ये' अशी वाचली जातात.

चेंगगुई बराच वेळ काही बोलला नाही.
खाली चहाच्या मळ्यात कुणीतरी
पंप सुरू करायला धडपडत होतं.

मग विचारलं, रोज किती लागतं?
तिने बोटांच्या चिमटीत काहीच धरलं नाही
आणि ती चिमूट त्याच्यापुढे केली.
एवढं.
आणि जास्त झालं तर?
ते तुम्हीच सांगा.

तो हसला. पिशवीतली एक बी उचलली,
अंगठ्याच्या नखाने फोडली,
एकाच झटक्यात.