तासाला किती

गंगेला पूर आला की आमच्या नाशकात
क्युसेक कुणी विचारत नाही.
दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं, एवढंच.
गुडघा. कंबर. छाती.
आणि छातीला लागलं म्हणजे
भांडीबाजारात पातेली तरंगायला लागलेली असतात.

वाघचौरे सर म्हणतात, क्रिएटिनिन तसंच.
रिपोर्टात चढलेलं दिसतं तेव्हा
मूत्रपिंडात दोन दिवसांपूर्वीच पाणी शिरलेलं असतं.
आपल्याला हवाय
त्र्यंबकच्या डोंगरावरचा ढग.

म्हणून मी लघवी मोजते.
तिसरा मजला, अतिदक्षता, तीन वर्षं.
दर तासाला वाकायचं,
पिशवीवरची रेघ डोळ्यांच्या पातळीत आणायची,
लिहायचं.
पाच मिली छोट्या नळीत, नळी उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये,
जिथं दोनशेहून जास्त माणसं
नावाशिवाय गोठून आहेत.
आई विचारते, तू नक्की करतेस काय गं तिथं?
सांगते, मोजते.
ती पुढं विचारत नाही. मीही सांगत नाही.

क्रमांक दोनशे चौदा.
यमुना भोये, चौतीस, पेठकडची.
दिंडोरीच्या बागेत द्राक्षाची विरळणी करताना
घोणस, डाव्या घोट्याला.
प्रतिविष दिलं, हिरड्यांचं रक्त थांबलं.
पिशवीत मात्र कोरा चहा.

सातला पस्तीस.
आठला बावीस.
नऊला नऊ. एरवी हसू आलं असतं.
दहाला मी नळी चाचपून पाहिली,
कुठं वाकलीबिकली तर नाही.
नव्हती.

संमतीपत्र अकरा पानांचं.
तिचा नवरा रावजी पान उलटण्याआधी
प्रत्येक वेळी हात पँटला पुसायचा.
यादृच्छिक म्हणजे?
म्हटलं, चिठ्ठी. लिफाफ्यात निघेल ते.
म्हणजे अर्ध्यांना औषध अन् अर्ध्यांना मिठाचं पाणी?
हो. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखे.
तुम्हाला माहीत असतं, कुणाला काय?
नाही.
मोठ्या डॉक्टरांना?
नाही.
मी सवयीनं शाईचा पॅड पुढं सरकवला.
त्यानं तो बाजूला केला,
पेन मागितलं,
आणि सुट्या सुट्या अक्षरांत
पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.
मग म्हणाला, देवाला तरी माहीत असू द्या.

डायलिसिस तीनदा.
मधल्या दिवसांचे रकाने वाचण्यासारखे नाहीत,
शून्य, शून्य, चार, शून्य.
नवव्या दिवशी पहाटे चारला
पिशवीच्या तळाशी बोटभर.
साठ.
रंग पिकल्या थॉमसनच्या मण्याचा.
मी ती लगेच ओतली नाही.
उजेडात धरून उभी राहिले, वेड्यासारखी.
पलीकडच्या खाटेवर गादी उलटी घालून ठेवलेली,
दोनशे अकराची. एकोणीस वर्षांचा होता.
त्याचाही शेवटचा आकडा मीच लिहिला होता,
याच पेनानं.

नव्वदावा दिवस.
फोन लागेना.
'संपर्क तुटला' असाही एक रकाना असतो, त्यात टिक केली की झालं.
मी जुन्या सीबीएसवरून पेठची एसटी धरली.

यमुनाबाई अंगणात नागली पाखडत होती.
घोट्यावर काळा डाग, चाल किंचित तिरकी.
रक्त दिलं, पिशवीच्या काळातलं काही आठवत नाही म्हणाली,
फक्त कुणीतरी सारखं पायाशी वाकायचं तेवढं.
मग म्हणाली,
मला औषध होतं का पाणी?
लिफाफे अजून बंद आहेत, म्हटलं. पाचशे पुरे झाले की उघडतील.

तिनं सूप खाली ठेवलं.
अन् माझ्या शेजारी तो पोरगा होता,
आईला हाका मारायचा रात्री.
त्याला काय निघालं होतं?

मी नळी बर्फाच्या डब्यात ठेवली.
बर्फ चारी बाजूंनी दाबला.
झाकणावर वेळ लिहिली,
बारा वाजून पाच.