सैल वळण

रबरी पट्ट्याचं पार डांबर झालं होतं.
चाकांच्या खोबणीतून ते काडीने खरवडून काढलं
आणि मुरंब्याच्या बरणीचं लाल रबर चढवलं.
बसलं. जरा जास्तच घट्ट, पण बसलं.

प्रोजेक्टरच्या झाकणात बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी,
चिकटपट्टी पिवळी पडलेली:
फिल्मला वर एक वळण सैल, खाली एक सैल.
ताणून बसवलीस तर तुटेल.
दिवा विझवल्यावर पंखा चालू ठेव.
घाई करू नकोस, एबेर.
स्वतःलाच लिहिलेली. माणूस असाच होता.

फ्राय बेन्तोसला फेब्रुवारीत आठ वाजून गेले तरी
नदीवरचा उजेड निघायचं नाव घेत नाही.
कपड्यांच्या दोरीवर इस्त्रीची चादर, खालच्या टोकांना विटा.
वारा आला की चादर फुगते.
"पडद्याला दिवस गेलेत," वॉशिंग्टनमामा म्हणाला
आणि ओल्गामामीने त्याला कोपर मारलं.

पुढचा पाय उचलायला टेलिफोनची जुनी डिरेक्टरी,
ती कमी पडली म्हणून वर बिस्किटांचा डबा.
प्रकाशाची चौकट आधी शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेली,
मग लिंबाच्या झाडात, मग एकदाची चादरीवर.
फटीत अडकलेला एक केस
पडद्यावर हातभर लांब दिसत होता.
ब्रशने काढला. कुणाचा कोण जाणे,
इतकी वर्षं दबा धरून बसलेला.

आई आज ऐंशीची.
तिला हातांची खुर्ची,
आणि फ्रीजवर डॉक्टरांनी बंद केलेल्या गोष्टींची यादी:
मीठ, जिने, मनाला लावून घेणं.

सुल्मामावशी सगळ्यांच्या पुढे, बुटक्या स्टुलावर.
सहाव्या वर्षी गोवर आला आणि कान घेऊन गेला.
आमच्या फिल्मलाही आवाज नाही.
दोघींचं जमेल हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

यंत्र खडखडलं, अडलं, मग लागलं.
ओरखडे, एक करपलेला डाग,
आणि एकदम नदीकाठ, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
टबात मी, भोकाड पसरून.
आजोबा कॅमेऱ्याकडे बोट दाखवून काही बोलले
आणि मावशी, पडद्यावरची नजर न हलवता,
तिच्या त्या सपाट आवाजात:
"केवढ्याला पडलं हे खेळणं?"

अंगण हसलं. मग हसू विरलं.
गेलेली माणसं बोलायला लागली होती.

"माझं पोट दिसतंय, वरून घे, वरून."
"कारखान्याचा भोंगा झाला का?"
"ओल्गा, त्या कुत्र्याला आवर की."
आणि ओल्गामामीने इथे, अंगणात, डोळे पुसले.
कुत्र्यासाठी असेल. चांगला होता कुत्रा.

मग आई. अठ्ठावीस वर्षांची, केस ओले,
थेट लेन्समध्ये बघून सावकाश काही म्हणाली.
सहा-सात शब्द असतील.
तिच्या मागे, लांब, धुरात,
निखाऱ्यांवर मांस उलटत वाकलेले बाबा.
मी मनात मोजत गेलो:
आजोबा बाकावर, मामा पाण्यात,
मावशी झोपाळ्यावर, मामी कुत्र्यामागे.
कॅमेरा किंचित हलला, खाली आला.
गवत. वादीचा एक तपकिरी बूट. पुन्हा गवत.

मावशी गप्प.
मामीने तिच्या खांद्याला हात लावला,
तोंड उजेडात धरून विचारलं, "काय म्हणाली गं?"
मावशीने मागे वळून आईकडे पाहिलं.
आईने तिच्याकडे.
"मीठ मागतेय," मावशी म्हणाली.

रीळ संपलं. शेपूट फटफटत राहिलं.
चादरीवर नुसता पांढरा चौकोन आणि त्यात पतंग.
दिवा विझवला.
पंखा चालू ठेवला.

जेवायला बसेस्तोवर बारा वाजले.
मामा मांस कापत होता,
मुलं कुत्र्याचं नाव विचारत होती.
कुणी मागितलं नव्हतं, तरी मावशीने मिठाची वाटी
टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला सरकवली.
मी डॉक्टरांचं काहीतरी म्हणणार होतो.
आईने चिमूट घेतली.
चांगली मोठी.